जखम का भरत नव्हती: ठाण्यातील एका घरपोच ड्रेसिंग सेवेचा चौदा आठवड्यांचा अनुभव

माझी आई 78 वर्षांची आहे आणि तिला बावीस वर्षांपासून मधुमेह आहे. नौपाड्यातील जुन्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या वर्षी चैत्रात तिच्या डाव्या घोट्याखाली चपलेचा पट्टा घासून जखम झाली. लहानपणी चुलीवरचे पाणी सांडून भाजल्याचा जुना व्रण नेमका त्याच जागी होता. भाद्रपद आला तरी जखम भरली नव्हती. या पाच महिन्यांत आधी जवळच्या एका दवाखान्यात आणि नंतर घरी येणाऱ्या एका मदतनिसाकडून तिची पट्टी बदलली गेली. दोन्ही ठिकाणी रीत एकच होती: जखम कडक औषधाने धुवायची, पावडर टाकायची आणि वर कोरडी गॉझ घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी ती गॉझ ओढून काढताना नव्याने आलेले नाजूक मांसही तिच्याबरोबर निघून येई. आई दात दाबून सोसत असे आणि जखम जिथल्या तिथे राही.

मी निवृत्तीपूर्वी पदवी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे हे चुकते आहे एवढे मला समजत होते. पण समजणे आणि ते हाताने करता येणे यांत फार अंतर असते. अखेर शल्यचिकित्सकांनी पायाचा रक्तप्रवाह डॉपलरने तपासून तो पुरेसा असल्याची खात्री केली, मृत भाग कापून काढला आणि जखमांची देखभाल घरी येऊन करणाऱ्या ठाण्यातील एका सेवेकडे आम्हाला पाठविले. पुढे मला काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे सेवेचे नाव देत नाही. मात्र अशी सेवा निवडताना काय पाहावे, हे या अनुभवावरून इतरांना ठरविता यावे एवढ्या तपशिलाने लिहीत आहे.

पहिल्या दिवशी आलेल्या सिस्टरांनी जखमेला हात लावण्यापूर्वी सुमारे वीस मिनिटे केवळ विचारपूस केली. साखर किती असते, रात्री पाय कसा ठेवता, चप्पल कोणती वापरता, जखमेतून येणारी लस पातळ की घट्ट, तिला वास येतो का, हे सर्व त्यांनी वहीत उतरवून घेतले. त्यानंतर कागदी मोजपट्टी जखमेशेजारी धरून छायाचित्र काढले आणि मापे लिहिली: लांबी 3.4 सेंटिमीटर, रुंदी 2.6 सेंटिमीटर. पाच महिन्यांत जखम मोजण्याची ही पहिलीच वेळ होती. आईने सवयीने विचारले, "थोडा वेळ उघडी ठेवून हवा लागू द्यायची का?" त्यावर त्या म्हणाल्या, "नाही आजी, जखम सुकवायचीही नाही आणि भिजवायचीही नाही, ओलसर ठेवायची." मग माझ्याकडे वळून त्यांनी जे वाक्य उच्चारले, त्यामुळे या सेवेबद्दल माझ्या मनात प्रथमच विश्वास निर्माण झाला: "ताई, या लसेतच जखम अडकली आहे. आत जे नवीन विणले जाते, ते ही लस खाऊन टाकते."

हे वाक्य शास्त्राला धरून आहे. आपल्या पेशी सुट्या तरंगत नसतात. कोलॅजेन आणि इतर प्रथिनांच्या एका जाळ्यात त्या बसलेल्या असतात. जुने जाळे तोडून नवे विणण्यासाठी शरीराकडे विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, एक कुटुंब आहे, त्याला मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेझ किंवा थोडक्यात एमएमपी म्हणतात. माणसात त्यांचे 23 प्रकार आढळतात आणि प्रत्येकाच्या कार्यस्थानी जस्ताचा एक अणू असतो. त्यांतील पहिले विकर 1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडले. बेडूकमासा मोठा होताना त्याची शेपटी कशी नाहीशी होते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. शेपटीच्या ऊतीचे तुकडे कोलॅजेनच्या जेलवर ठेवले असता तुकड्याभोवतीचे जेल विरघळलेले दिसले. वर्गात हा प्रयोग शिकविताना मी फळ्यावर एक ठिपका काढून त्याभोवती वर्तुळ पुसून दाखवीत असे, आणि तेवढ्याने तो मुलांच्या लक्षात राही.

कोलॅजेन हा तीन पदरांचा पीळ आहे. कोलॅजिनेझ गटातील विकर त्यावर एका ठरावीक जागी, सुमारे तीन-चतुर्थांश लांबीवर, घाव घालते. मग तुटलेले तुकडे शरीराच्या तापमानातच उलगडतात, त्यांचे जिलेटिन होते आणि एमएमपी-2 व एमएमपी-9 ही दुसरी विकरे ते जिलेटिन फस्त करतात. साध्या जखमेत हे काम काही दिवस चालते आणि थांबते, कारण या विकरांवर दोन कुलपे असतात. पहिले कुलूप विकराच्या रेणूतच असते: निष्क्रिय रूपात त्याचाच एक भाग जस्तावर झाकणासारखा बसलेला असतो. दुसरे म्हणजे टिम्प नावाची चार प्रथिने, जी जागृत विकराला जाऊन चिकटतात आणि त्याचे काम बंद पाडतात. चिघळलेल्या जखमेत दाह शमत नाही, पांढऱ्या पेशी येतच राहतात, आपल्याबरोबर एमएमपी-8 आणि एमएमपी-9 यांचे साठे आणतात, आणि कुलपे कमी पडतात. 1993 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पायाच्या जुनाट व्रणांतील लस आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर साचणारा द्रव यांची तुलना केली, तेव्हा जुनाट व्रणांच्या लसेत एमएमपी-2 आणि एमएमपी-9 बरेच जास्त आढळले. जखम भरण्यासाठी लागणारे वाढीचे घटकसुद्धा अशी लस तोडून टाकते. सिस्टरांनी हे शोधनिबंध वाचले होते की नाही हे मी विचारले नाही. त्यांच्या हाताला मात्र ते माहीत होते.

पहिल्या टप्प्यात त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे कोलॅजिनेझचे मलम वापरले. ज्या विकरांनी जखम अडवून धरली, त्याच जातीचे काम करणारे विकर बाहेरून लावायचे, हे प्रथम ऐकणाऱ्याला खटकते आणि माझ्या धाकट्या भावाला ते खटकलेही. परंतु जखमेच्या तळाशी पिवळट-पांढरा चिकट थर बसलेला होता, ज्याला सगळे डॉक्टर स्लफ म्हणतात, आणि हा मेलेला थर तळाला कोलॅजेनच्याच धाग्यांनी शिवल्यासारखा धरून ठेवलेला असतो. क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूपासून मिळविलेले हे विकर ते धागे सोडविते. सिस्टर हे मलम लाकडी पट्टीने नाण्याच्या जाडीएवढे आणि फक्त पिवळ्या भागावर लावीत. भोवतालच्या चांगल्या त्वचेला आधी संरक्षक मलमाची कड काढीत. आठव्या दिवशी थराची एक कड आपोआप सुटली. त्यांनी चिमट्याने ती अलगद उचलली तेव्हा खाली डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल, ओले मांस दिसले. आईला काहीही दुखले नव्हते. तिने विचारले, "झालं?" आणि सिस्टर म्हणाल्या, "आजचं झालं, आजी."

नवव्या दिवशी या सेवेची सर्वांत मोठी चूक घडली. गौरी-विसर्जनाच्या गर्दीमुळे नेहमीच्या सिस्टर येऊ शकल्या नाहीत आणि बदली म्हणून एक ब्रदर आले. मनुष्य नम्र होता, हातही स्वच्छ होता. पण त्यांनी विकराचे मलम लावून त्यावर सवयीने चांदीयुक्त मलमाचा थर दिला. चांदीसारख्या जड धातूंचे आयन हे विकर निकामी करतात. मी थांबविले तेव्हा ते म्हणाले की जंतू मारण्यासाठी चांगले असते, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. पण दोन्ही एकावर एक लावल्याने एकाचा उपयोग नाहीसा होतो. मी कार्यालयाला दूरध्वनी केला. तेथील मुलीने "सर्व मलमे चालतात" असे सांगितले, जे तिने सांगायला नको होते. दीड तासाने सिस्टरांचा स्वतःचा फोन आला, त्यांच्या सांगण्याप्रमाणे ब्रदरांनी सलाइनने जखम धुवून मलम नव्याने लावले. नुकसान झाले नाही. परंतु घरात जीवरसायनशास्त्र शिकविलेले कोणी नसते तर ही चूक किती दिवस चालली असती, हा विचार मला अजून सोडत नाही. बदली माणसाच्या हाती रुग्णाची लेखी सूचना नसणे हा कोणत्याही सेवेचा गंभीर दोष आहे. माझ्या लेखी तक्रारीनंतर त्यांनी आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर "चांदी नको" असे लाल शाईने लिहिले. तसे ते प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये लिहितात की नाही, हे प्रत्येक कुटुंबाने विचारून घ्यावे.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांच्या लक्षात आले की जखमेची वरची कड जाड होऊन बाहेर वळते आहे. भाजल्याच्या जुन्या व्रणात वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो, त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. त्यांनी आम्हाला घाबरविले नाही. छायाचित्र शल्यचिकित्सकांना पाठविले आणि दुसऱ्या दिवशी कडेचा तुकडा तपासणीसाठी गेला. माझ्या मते संपूर्ण सेवेतील हे सर्वांत मोलाचे काम होते आणि त्याचे वेगळे शुल्क कुठल्याही बिलात नाही.

अहवाल येईपर्यंतचे सहा दिवस मी या विकरांची दुसरी बाजू आठवीत काढले. त्वचेच्या वरच्या पेशी आणि खालचे ऊतक यांच्यामध्ये एक पातळ आधारपटल असते. पेशी कितीही बिघडल्या, तरी हे पटल अभंग असेपर्यंत रोग जागच्या जागी असतो. पटल फोडून पेशी खाली उतरल्या की तो आक्रमक कर्करोग ठरतो. 1980 मध्ये लान्स लिओटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ज्या अर्बुदपेशी, म्हणजे गाठीतल्या पेशी, या पटलातील कोलॅजेन अधिक जोमाने तोडतात, त्या शरीरात अधिक पसरतात. पुढे असेही दिसले की अर्बुद हे काम एकट्याने करीत नाही. आसपासच्या निरोगी संयोजी पेशींकडून आणि दाहपेशींकडून ते ही विकरे तयार करवून घेते. शिवाय विकरे नुसती वाट फोडत नाहीत; जाळ्यात अडकून पडलेले वाढीचे संदेश ती मोकळे करतात आणि त्यांतून नव्या रक्तवाहिन्यांना चालना मिळते. हॅरॉल्ड ड्व्होराक यांनी 1986 मध्ये अर्बुदांना न भरणाऱ्या जखमा म्हटले होते. आईच्या पायाकडे पाहताना त्या सहा दिवसांत या शब्दांचा अर्थ मला जितका जवळून कळला, तितका शिकवितानाच्या काळात कळला नव्हता.

अहवालात कर्करोग नव्हता. दीर्घकाळ चिघळल्यामुळे त्वचेचा थर जाड झाला होता, इतकेच. आई देवापाशी बसून राहिली आणि मी शल्यचिकित्सकांना फोन केला.

त्या फोनमध्ये माझ्या भावाचा प्रश्नही मी विचारला: ही विकरे इतकी घातक असतील, तर ती सरळ बंद करणारी गोळी का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे आणि 1990च्या दशकात औषध कंपन्यांनी तोच विचारला होता. ब्रिटिश बायोटेक कंपनीचे मॅरिमास्टॅट, बायरचे टॅनोमास्टॅट आणि अशी आणखी काही औषधे जस्ताला पकडून बहुतेक सर्व एमएमपी एकदम बंद पाडण्यासाठी तयार झाली. प्राण्यांत ती आशादायक ठरली. रुग्णांत मात्र अपयशी ठरली. मॅरिमास्टॅटने खांदे, हात आणि सांधे आखडून दुखू लागत, आणि टॅनोमास्टॅटच्या चाचण्या 1999 मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण काही गटांत औषध घेणाऱ्यांची स्थिती अधिक वाईट होती. प्राण्यांवरचे प्रयोग रोगाच्या आरंभी झाले होते आणि माणसांना औषध मिळाले ते रोग पसरून गेल्यावर, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: या कुटुंबातील सगळी विकरे रोगाच्या बाजूची नाहीत. 2003 मध्ये स्पेनमधील गटाने एमएमपी-8 नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांतील नरांना त्वचेची अर्बुदे अधिक झाली. मधुमेही उंदरांच्या जखमांतही एमएमपी-9 अडथळा करते आणि एमएमपी-8 भरून येण्यास मदत करते, असे अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले आहे.

आज या विकरांना रोखण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध हिरड्यांचे आहे: डॉक्सिसायक्लिनची 20 मिलिग्रॅमची, जंतू मारण्यास अपुरी असलेली मात्रा, जिला अमेरिकेत 1998 मध्ये परवानगी मिळाली. त्याचे मूळ अमेरिकी दंतसंशोधक लॉर्न गोलब यांच्या 1983 च्या कामात आहे आणि त्या कामातील उंदीर मधुमेहीच होते, हे मला विशेष वाटते. आईचे दात साठीच्या आतच हलू लागले होते. तेव्हा आम्ही त्याला वयाचा दोष मानले.

उलटा बिघाडही असतो आणि तो आपल्याकडे घरोघरी ठाऊक असायला हवा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारीचे व्यसन सुटलेले नाही. सुपारीतील अरेकोलीन आणि तांबे यांच्यामुळे तोंडात कोलॅजेन अधिक घट्ट बांधले जाते आणि ते तोडणारी विकरे मंदावतात. गाल आतून पांढरे, कडक होत जातात, तोंडात दोन बोटेही जात नाहीत, आणि या अवस्थेचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो. तेथे जाळे तुटत नाही म्हणून रोग, आणि आमच्या घरी ते तुटायचे थांबत नाही म्हणून.

चौथ्या आठवड्यापासून तळ स्वच्छ लाल झाल्यावर मलम बंद झाले आणि कोलॅजेनचे पातळ पापुद्रे वापरण्यास सुरुवात झाली. लसेतील विकरांना तोडण्यासाठी बाहेरचे कोलॅजेन पुढे करायचे, म्हणजे आतले वाचते, अशी त्यामागची कल्पना आहे. हे पापुद्रे बहुधा गाय-बैलांच्या किंवा माशांच्या ऊतींपासून काढलेले असतात. सिस्टरांनी पाकीट फोडण्याआधी आईसमोर बसून हे स्पष्ट सांगितले आणि तिला विचारले. आई माळकरी आहे. तिने रात्रभर विचार केला आणि माशाचे चालेल, पण मला पाकीट दाखवू नका, असे सांगितले. त्यांनी अखेरपर्यंत ते पाकीट पदराआड धरावे तसे उलटे धरून फोडले. ही जाण मी पाच महिन्यांत इतर कोठेही पाहिली नाही.

येथे सेवेच्या माहितीपत्रकावर मात्र माझा आक्षेप आहे. "एमएमपी संतुलित करणारे ड्रेसिंग, खात्रीशीर गुण" असे त्यात छापलेले आहे. शिरांच्या विकारामुळे होणाऱ्या पायाच्या व्रणांसाठी अशा ड्रेसिंगांचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही, असे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा 2016 चा आढावा सांगतो. युरोपातील पाच देशांत मधुमेही पायांच्या 240 रुग्णांवर, सुक्रोज ऑक्टासल्फेट हा विकरे आवरणारा घटक असलेल्या ड्रेसिंगची चाचणी झाली आणि ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली; त्यात 20 आठवड्यांत 48 टक्के जखमा भरल्या आणि साध्या ड्रेसिंगने 30 टक्के. हा फरक खरा आणि मोलाचा आहे. पण ते ड्रेसिंग वेगळे आहे आणि त्यातही निम्म्याहून अधिक जखमा उरल्याच. "खात्रीशीर" हा शब्द त्या पत्रकातून काढला पाहिजे. आईची जखम भरण्यात पापुद्र्यांचा वाटा किती, पट्ट्याशिवायच्या चपलेचा किती आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 9.1 टक्क्यांवरून 7.4 टक्क्यांवर आल्याचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. सिस्टरांनाही नाही, आणि त्यांनी तसा दावा कधी केला नाही.

मापे मात्र वहीत आहेत. चौथ्या आठवड्याअखेर 2.4 बाय 1.7 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झाले. आठव्या आठवड्यात 1.5 बाय 0.9. मध्ये दहा दिवस जखम जराही हलली नाही, तेव्हा त्यांनी ड्रेसिंग बदलण्याचा अंतराल तीन दिवसांवरून दोन दिवसांवर आणला. चौदाव्या आठवड्यात, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, वर कातडी आलेली होती: गुलाबी, कांद्याच्या पातीसारखी पातळ.

खर्चाचे सांगायचे तर एका भेटीचे 450 रुपये आणि सुट्टीच्या दिवशी 600; मलम आणि पापुद्रे वेगळे, आणि तेच महाग पडतात. सर्व मिळून दर आठवड्याला सरासरी अडीच हजारांच्या आसपास खर्च आला. हा भार सर्वांना पेलणारा नाही हे मान्य करावेच लागेल. वापरलेल्या पट्ट्या सिस्टर पिवळ्या पिशवीत बांधून स्वतः घेऊन जात, घरच्या कचऱ्यात टाकू देत नसत. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत अशा पट्ट्यांसाठी पिवळीच पिशवी सांगितली आहे. वेळ पाळण्यात सेवा कमी पडते. घोडबंदर रस्त्यावरून येणारा कर्मचारी पावसात सांगितलेल्या वेळेनंतर दोन तासांनी आला, असे तीनदा झाले, आणि कार्यालयातून आगाऊ कळविण्याची पद्धत नाही. मधुमेही माणसाला जेवण आणि इन्शुलिनची वेळ सांभाळायची असते, याची जाणीव ठेवूनच वेळा दिल्या पाहिजेत.

ज्यांच्या घरी चालता न येणारे माणूस आणि महिन्याहून जुनी जखम आहे, त्यांना मी ही सेवा किंवा हिच्यासारखी सेवा घेण्यास सांगेन, मात्र रक्तप्रवाहाची तपासणी शल्यचिकित्सकांकडून आधी झालेली असावी आणि एकच सिस्टर नेमून मिळाव्यात असा आग्रह धरावा. साध्या कापण्या-खरचटण्यासाठी या खर्चाची गरज नाही.

सिस्टर अजूनही महिन्यातून एकदा येतात, आईची नखे कापतात, आरशात तिचा तिलाच तळवा दाखवितात आणि त्या गुलाबी जागेवर बोट दाबून पाहतात. मागच्या खेपेस आईने त्यांच्या हाती तिळाच्या वड्यांचा डबा दिला आणि विचारले, "आता पट्ट्याची चप्पल कधी घालू?" त्यांनी वही उघडून तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "अजून नाही, आजी. वरून भरली आहे, आत अजून विणणं चालू आहे."